दिवाळी अंकांची नोंदणी आणि टॅगची तपासणी: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

काम हातात घेतलं. पुण्यातलं मराठी पुस्तकांचं दालन. दुकान जुनं, ऑनलाइन विक्री अलीकडची. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी घटस्थापनेला, म्हणजे २२ तारखेला सुरू होणार आणि त्याच दिवसापासून गुगल आणि मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामवर) जाहिराती लागणार. वर्षातली सर्वांत मोठी ऑनलाइन उलाढाल तिथून वसुबारसेपर्यंतच होते. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांची तक्रार एका वाक्यात मावली: "अहो, ऑर्डरच्या यादीत गिऱ्हाईक दिसतं, पैसे खात्यात आलेले दिसतात, मग तुमच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ते का दिसत नाही?"

जाहिरात कोणाला दाखवायची आणि बोली किती लावायची हे आता बहुतांशी गुगलची आणि मेटाची यंत्रणा स्वतःच ठरवते, आणि टॅगनी (वाचकाने पानावर काय केलं ते कळवणाऱ्या छोट्या कोडनी) पाठवलेल्या खरेदीच्या नोंदींवरून ठरवते. नोंद गळली किंवा रक्कम चुकीची गेली की जाहिरातीचा पैसा भलत्याच माणसांवर खर्च होतो. लहान दुकानाला ते परवडत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवलं की अ‍ॅडमिनमधली ऑर्डरची यादी खरी मानायची आणि बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. ताडायचंही ऑर्डर क्रमांकानुसार. नुसत्या बेरजेवर माझा विश्वास नाही. जितक्या ऑर्डर गळल्या तितक्याच दोनदा मोजल्या गेल्या तर बेरीज चोख जुळते आणि रोग तसाच राहतो.

शीट तयार केली. रकाने: ऑर्डर क्रमांक, रक्कम, पैसे भरण्याची पद्धत, पानाची भाषा, मोबाइल की संगणक, जीए फोरमध्ये (गुगलच्या अ‍ॅनालिटिक्सच्या चालू आवृत्तीत) आली का, मेटामध्ये आली का.

९ सप्टेंबर, मंगळवार

आधी काय काय बसवलंय ते पाहिलं. क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅबमध्ये, जीए फोरला जाणाऱ्या नोंदी तेवढ्या दिसाव्यात म्हणून, 'कलेक्ट' असं फिल्टर लावलं. एक पान उघडलं की दोन पेज व्ह्यू (पान पाहिल्याच्या नोंदी) जात होते, दोन्हींवर मेजरमेंट आयडी (जीए फोरमधली साइटची ओळख) तोच. एक गुगल टॅग मॅनेजरमधून (सगळे टॅग एका जागेवरून सांभाळण्याच्या साधनातून) येतो, दुसरा थीमच्या (साइटच्या रूपाच्या साच्याच्या) हेडर फाइलमध्ये कोणीतरी पूर्वी थेट चिकटवलेल्या कोडमधून. हेडरमधला काढला.

कंटेनरमध्ये (टॅग मॅनेजरमधल्या दुकानाच्या टॅगांच्या संचात) जीए फोरच्या आधीच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सचे टॅगही अजून चालू होते. त्या प्रॉपर्टींमध्ये १ जुलै २०२३ पासून नवीन डेटा घेणंच बंद झालंय. तरी प्रत्येक पानावर हे टॅग धावत होते. आधी पॉज केले, दिवसभर काही बिघडलं नाही, मग डिलीट. शिवाय एका हीटमॅप सेवेचा टॅग सापडला. दुकानात कोणालाच तो माहीत नाही, लॉगिन कोणाकडे नाही. वाचकांच्या हालचाली कुठेतरी जात आहेत आणि कोण बघतं ते ठाऊक नाही, अशी गोष्ट एक दिवसही ठेवू नये. तोही काढला.

इथून पुढे एका वेळी एकच बदल, त्याची वेगळी व्हर्जन आणि व्हर्जनच्या नावात काय बदललं ते मराठीत.

११ सप्टेंबर, गुरुवार

टॅग मॅनेजरच्या प्रिव्ह्यू मोडमध्ये यादीच्या पानावरून पुस्तक कार्टमध्ये टाकलं की घटना ('असं झालं' ही खबर) दिसते. पुस्तकाच्या स्वतंत्र पानावरून टाकलं की दिसत नाही. गोंधळात पाडणारी गोष्ट अशी, की कन्सोलमध्ये 'डेटालेयर' (साइट टॅग मॅनेजरसाठी माहिती टाकते ती यादी) टाइप करून एंटर दाबलं तर घटना तिथे व्यवस्थित बसलेली दिसते. म्हणजे थीमकडून पाठवणी झाली, पण टॅग मॅनेजरला कळलं नाही.

कारण पुस्तकाच्या पानाच्या टेम्पलेटमध्ये निघालं. तिथे डेटालेयरमध्ये पुश करण्याऐवजी (आहे त्या यादीत भर घालण्याऐवजी) 'डेटालेयर बरोबर' असं लिहून नवीन अ‍ॅरे तयार केला होता, तोही कंटेनर लोड झाल्यानंतर. टॅग मॅनेजर जुन्या अ‍ॅरेच्या दाराशी कान लावून बसलेला आणि सगळं बोलणं चाललंय नव्या खोलीत. एक ओळ बदलून पुश केलं. काम झालं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा सगळा दिवस रकमेत गेला.

चाचणीसाठी कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डर टाकल्या (काकांना सांगून, नंतर रद्द करायच्या बोलीवर). इंग्रजी पानावरून ३५० रुपयांचा एक अंक घेतला, जीए फोरच्या डीबगव्ह्यूमध्ये (चाचणीच्या नोंदी लगेच दाखवणाऱ्या पानावर) ३५० आले. मग १,६५० रुपयांचा संच घेतला, तर डीबगव्ह्यूमध्ये व्हॅल्यू आली १. एक रुपया! तोच संच मराठी पानावरून घेतला, तर खरेदीची घटना आली पण महसूल काहीच नाही. प्रिव्ह्यूच्या डेटा लेयर टॅबमध्ये व्हॅल्यूसमोर 'एनएएन' लिहिलेलं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मते हा आकडाच नव्हे.

दोन्हींचं मूळ एकच. खरेदीची घटना तयार करणारा प्लगिनचा (साइटला जोडलेल्या तयार भागाचा) कोड रक्कम डेटाबेसमधून न घेता पानावर छापलेल्या मजकुरातून उचलतो, रुपयाचं चिन्ह काढतो आणि उरलेलं पार्सफ्लोटला (मजकुरातून आकडा काढणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञेला) देतो. पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं, त्यामुळे १,६५० चा होतो १. इंग्रजी पानावरच्या हजाराच्या आतल्या ऑर्डर बरोबर जात राहिल्या, म्हणून इतके दिवस कोणाला शंका आली नाही. आणि दिवाळीतली मोठी ऑर्डर म्हणजे संच, म्हणजे हजाराच्या पुढची! नेमकी सर्वांत मोलाची गिऱ्हाइकं जाहिरातीच्या यंत्रणेला एक-एक रुपयाची वाटत होती.

मराठी पानावरचा प्रकार आणखी बारीक आहे. किंमत छापताना थीम 'टूलोकेलस्ट्रिंग' (आकडा भाषेच्या रीतीने मांडणारी आज्ञा) वापरते आणि त्याला भाषा देते 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी. मराठीसाठी ब्राउझर मुळातच देवनागरी अंक वापरतात. हिंदीच्या 'एचआय-आयएन'ला मात्र इंग्रजी अंकच येतात. म्हणजे ज्यांनी प्लगिन हिंदी साइटवर तपासलं असेल त्यांना हा दोष कधी दिसलाच नसता. पार्सफ्लोटला देवनागरी अंक कळत नाहीत. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुना शोधण्याच्या पद्धतीतल्या) अंकाच्या खुणेलाही जावास्क्रिप्टमध्ये शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच कळतात, त्यामुळे 'अंक सोडून बाकी सगळं पुसून टाक' हा नेहमीचा उपाय इथे अख्खी किंमतच पुसून टाकतो.

थीम सांभाळणाऱ्या मित्राचं म्हणणं पडलं की मराठी पानावर इंग्रजी आकडे छापू, पाच मिनिटांचं काम. मी ठाम नकार दिला. मराठी पुस्तकांच्या दुकानात मराठी वाचकाला मराठी आकडे दिसलेच पाहिजेत. टॅगच्या सोयीसाठी दुकानाची पाटी बदलायची नसते. बदल सर्व्हरकडे केला: धन्यवादाच्या पानावर डेटालेयरमध्ये रक्कम थेट ऑर्डरमधून येते, इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामाशिवाय, चिन्हाशिवाय, आणि चलन वेगळ्या रकान्यात 'आयएनआर'. आयटम्समधली किंमत आणि नगसंख्या हीसुद्धा तशीच. पानावर छापलेलं तसंच राहिलं.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मराठीतनं खरेदी करणारा फुकट्या दिसत होता?" हो, तसंच म्हणायचं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शीटमधल्या जुन्या ऑर्डर ताडताना मेटामध्ये काही खरेद्या दोनदा, काही त्याहूनही जास्त वेळा दिसल्या. ऑर्डर मिळाल्याच्या एसएमएसमध्ये जी लिंक जाते ती धन्यवादाच्याच पानाची. पार्सल कुठवर आलं हे बघायला माणूस लिंक उघडतो आणि प्रत्येक वेळी खरेदी पुन्हा मोजली जाते. एकाच वापरकर्त्याकडून तोच ट्रान्झॅक्शन आयडी (खरेदीची ओळख) पुन्हा आला तर जीए फोर तो गाळतं. पण लिंक दुसऱ्या फोनवर उघडली की वापरकर्ता वेगळा ठरतो. मेटाच्या टॅगसोबत, म्हणजे पिक्सेलसोबत, तर इव्हेंट आयडीच (त्या घटनेची ओळख) जात नव्हता.

आता ब्राउझरने खरेदीची नोंद पाठवली की सर्व्हरला उलट निरोप जातो आणि ऑर्डरवर 'नोंद गेली' अशी खूण होते. खूण असेल तर पानावर घटना छापलीच जात नाही. ही खूण पुढेही उपयोगी पडेल असं वाटतंय.

जाता जाता: कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरना ट्रान्झॅक्शन आयडी रिकामा जात होता. हे फार घातक आहे. रिकामा आयडी पाठवला तर जीए फोर रिकाम्या आयडीच्या सगळ्या खरेद्या एकच समजून गाळून टाकतं. आयडी भरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

जाहिरातीची लिंक पूर्ण वाट चालून पाहिली. पत्त्याच्या शेवटी खोटा जीसीएलआयडी (जाहिरातीवरच्या क्लिकची गुगलची ओळख) जोडला आणि एंटर दाबलं. पान उघडलं, पण जीसीएलआयडी गायब. नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' लावून पुन्हा केलं, तेव्हा मधली पायरी दिसली: भाषा ओळखून मराठी विभागात पाठवणारं रीडायरेक्ट प्रश्नचिन्हानंतरचं सगळं टाकून देतं. यूटीएमही (वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा) त्यातच जातात आणि मेटाचा एफबीसीएलआयडीही (मेटावरच्या क्लिकची ओळख). म्हणजे पैसे देऊन आणलेला वाचक दारातच आपली ओळख हरवून बसतो आणि अहवालात 'डायरेक्ट' म्हणून दिसतो. रीडायरेक्टच्या नियमात क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) पुढे नेण्याची सोय केली. क्लिकची ओळख ब्राउझरमध्ये जपणारा कन्व्हर्जन लिंकर टॅग कंटेनरमध्ये नव्हताच, तो सगळ्या पानांवर लावला. आता जीसीएलची कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली नोंद) पडताना दिसते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पेमेंट अयशस्वी झालं की जे पान येतं त्याच्या पत्त्यात ग्राहकाचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक उघडे लिहिलेले. पेज व्ह्यूसोबत पानाचा पूर्ण पत्ता जातो, म्हणजे लोकांचे क्रमांक गुगलकडे आणि मेटाकडे जात होते. गुगलच्या अटींत हे स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि अटी बाजूला ठेवल्या तरी ज्याने विश्वासाने आपला नंबर दिला त्याच्याशी असं वागणं बरोबर नाही. नोंदणी सुरू व्हायच्या आत हे झालंच पाहिजे म्हणून रात्री बसून केलं: पत्त्यात आता फक्त सर्व्हरने दिलेली एक सांकेतिक खूण. वरून जीए फोरच्या डेटा स्ट्रीममध्ये ईमेल आणि ते दोन पॅरामीटर गाळण्याची सेटिंगही लावली, म्हणजे पुढे कोणी थीम बदलली तरी एक जाळी राहील.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

नोंदणी सुरू, जाहिराती सुरू. दर दोन तासांनी शीट भरतोय. रकमा जुळतात. दुबार काही नाही. पण काही ऑर्डर जीए फोरमध्येही नाहीत आणि मेटामध्येही नाहीत. त्या वेगळ्या काढून बघितल्या तर सगळ्यांच्या दोन रकान्यांत एकच मजकूर: मोबाइल, यूपीआय. बेरजा बघत बसलो असतो तर हे दिसलं नसतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

संगणकावर मोबाइलचं सोंग आणून यूपीआय तपासता येत नाही. खरा फोन केबलने लॅपटॉपला जोडला, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनचा ब्राउझर लॅपटॉपवर उघडला आणि एक दिवाळी अंक खरोखर विकत घेतला.

घडतं ते असं. 'पैसे भरा' दाबलं की ब्राउझर मागे जातो आणि यूपीआयचं अ‍ॅप पुढे येतं. पिन टाकला, पैसे गेले, अ‍ॅपमध्ये बरोबरची खूण आली. आता माणसाच्या दृष्टीने व्यवहार संपला. तो फोन खिशात टाकतो, किंवा तिथूनच दुसरीकडे जातो. ब्राउझरमध्ये परत आला तरच धन्यवादाचं पान उघडतं आणि टॅग धावतो. तिकडे पेमेंट गेटवेचा (पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेचा) निरोप थेट दुकानाच्या सर्व्हरला पोचलेला असतो, ऑर्डर पक्की होते, पार्सल बांधलं जातं. काकांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर हे. ग्राहकाने काही चुकीचं केलेलं नाही. त्याने परत यावंच अशी अपेक्षा धरून टॅग बसवणं हेच मुळात कच्चं आहे.

मार्ग असा ठरवला: गेटवेचा निरोप आल्यावर सर्व्हर अर्धा तास थांबेल. तोवर ऑर्डरवर 'नोंद गेली' ही खूण झाली नसेल, तर जीए फोरला मेजरमेंट प्रोटोकॉलने (ब्राउझरशिवाय नोंद पाठवण्याच्या सोयीने) सर्व्हर स्वतः खरेदी कळवेल. मेटाला मात्र सर्व्हरकडून प्रत्येक खरेदी जाईल. दुबार गाळायची सोय तिथे इव्हेंट आयडीने होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मेजरमेंट प्रोटोकॉलबद्दल एक लक्षात ठेवायचं: तो नेहमी 'मिळालं' असंच उत्तर देतो. मजकूर चुकीचा असला तरी उत्तर दोनशेच्या घरातलं. त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि अहवालात काहीच नसतं. तपासायचं तर त्याच्याच डीबग पत्त्यावर पाठवावं लागतं, तिथे काय चुकलं ते नीट सांगतात.

मजकूर बरोबर होता, खरेदी अहवालात येऊही लागली, पण स्रोताच्या जागी 'नॉट सेट'. वाचक जाहिरातीवरून आलाय हे सेशनमध्ये (त्याच्या त्या भेटीत) नोंदलेलं, आणि खरेदी त्या सेशनला जाऊन चिकटतच नव्हती. क्लायंट आयडी (ब्राउझरची ओळख) ताडला, बरोबर. सेशन आयडी ताडला तर आकड्याच्या जागी 'एस' या अक्षराने सुरू होणारी, डॉलरच्या खुणा असलेली लांबलचक ओळ. प्लगिन सेशन आयडी कुकीतून काढतं, टिंबांवर तुकडे करून तिसरा तुकडा उचलतं. जुन्या 'जीएस१' पद्धतीच्या कुकीत ते चालायचं. २०२५ च्या मे महिन्याच्या सुमारास गुगलने ती कुकी 'जीएस२' पद्धतीची केली आणि तेव्हापासून तिसऱ्या तुकड्यात सगळंच एकत्र येतं.

नव्या पद्धतीप्रमाणे तुकडे करणारा कोड लिहिता आला असता. लिहिला नाही, कारण कुकीची आतली रचना गुगलची आहे आणि ती उद्या पुन्हा बदलू शकते. जीटॅगमध्ये (गुगलच्या टॅगच्या कोडमध्ये) सेशन आयडी मागून घेण्याची अधिकृत सोय आहे. चेकआउटच्या पानावरच तो मागून ऑर्डरसोबत साठवायला लावला. दुपारनंतरच्या ऑर्डरना स्रोत दिसतोय.

२९ सप्टेंबर, सोमवार

मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमधलं टेस्ट इव्हेंट्स उघडून खरेदी केली. ब्राउझरची एक, सर्व्हरची एक, आणि दोन्ही मोजल्या गेल्या. घटनेचं नाव आणि इव्हेंट आयडी दोन्ही जुळले तरच मेटा एक गाळतं. ब्राउझरकडून आयडी जात होता 'ऑर्डर' हा उपसर्ग लावून, सर्व्हरकडून नुसता क्रमांक. एकसारखे केले.

मोबाइल क्रमांक हॅश करून (उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक ओळीत बदलून) पाठवतानाही एक अडचण. मेटाला देशाचा ९१ हा क्रमांक हवा पण अधिकचं चिन्ह नको. गुगलच्या एन्हान्स्ड कन्व्हर्जन्सना (ग्राहकाच्या माहितीवरून खरेदी जाहिरातीशी जुळवण्याच्या सोयीला) अधिकच्या चिन्हासकट हवा. हॅश केल्यावर एका चिन्हाच्या फरकाने संपूर्ण ओळ बदलते आणि जुळणी होत नाही, कुठे तक्रारही येत नाही. ग्राहक तर नुसते दहा आकडे लिहितात, काही पुढे शून्य लावतात. दोघांसाठी वेगवेगळी साफसफाई, मग हॅश.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याला ऑर्डर भरपूर. रेफरलमध्ये (वाचक कोणत्या साइटवरून आला त्या यादीत) पेमेंट गेटवेचं आणि एका बँकेच्या पानाचं नाव वर आलं. कार्डवाले तिकडे जाऊन परत येतात आणि विक्रीचं श्रेय बँकेला मिळतं. नको असलेल्या रेफरलच्या यादीत दोन्ही टाकले. मागचा डेटा यानं सुधारत नाही, पुढचाच.

साइट वेगवान करणाऱ्या प्लगिनने सगळ्या स्क्रिप्ट पहिला स्पर्श होईपर्यंत रोखून धरल्या होत्या. जो पान नुसतं बघून गेला तो मोजलाच जात नव्हता. टॅग मॅनेजरला वगळलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

लंडन आणि जर्मनीतून मराठी वाचकांच्या ऑर्डर येतात; यंदा मंडळांनी एकत्रित संच मागवलेत. तिथल्या वाचकांना संमतीची पट्टी दाखवणं आणि कन्सेंट मोड (संमतीप्रमाणे टॅग चालवण्याची गुगलची सोय) लावणं भाग आहे. पट्टी होती, पण तिचा 'डीफॉल्ट नकार' टॅग धावून गेल्यावर लागायचा. टॅग मॅनेजरच्या, बाकी सगळ्यांच्या आधी धावणाऱ्या, कन्सेंट इनिशियलायझेशन ट्रिगरवर हलवला. आता परदेशी पत्त्यावरून पान उघडलं की विनंतीत 'जीसीएस' या संमतीच्या खुणेसमोर जी१०० (नकार) दिसतं, 'मान्य' दाबल्यावर जी१११ (होकार). आणि ज्याने नकार दिला त्याची खरेदी सर्व्हरकडूनही पाठवायची नाही, ही अट कोडमध्ये घातली. समोरच्या दाराने नाही म्हटलेलं मागच्या दाराने नेणं मला मान्य नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काकांबरोबर बसलो. त्यांनी तीन आकडे कागदावर मांडले होते: यादीतला, गुगल अ‍ॅड्सचा, मेटाचा. "या दोघांची बेरीज माझ्या एकूण विक्रीच्या वर जाते. हे कसं?"

नीट सांगितलं. एकाच माणसाने सोमवारी मेटावर अंकाचं मुखपृष्ठ पाहून क्लिक केलं, बुधवारी गुगलवर शोधून जाहिरातीवरून येऊन खरेदी केली, तर दोघंही ती विक्री आपली म्हणतात. मेटा मुळातच क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतरचा एक दिवस धरतं. शिवाय गुगल अ‍ॅड्स विक्री क्लिकच्या तारखेला मांडतं, जीए फोर खरेदीच्या तारखेला. त्यामुळे दोघांच्या आकड्यांची बेरीज करायची नाही. दुकानाची एकूण विक्री यादीतून घ्यायची आणि प्रत्येक जाहिरातीची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करायची. काकांनी कागदावर बेरजेखालची रेघ खोडली.

याच बैठकीत आणखी एक निघालं: गुगल अ‍ॅड्समध्ये जीए फोरमधून आणलेली खरेदी आणि अ‍ॅड्सचा स्वतःचा टॅग, दोन्ही 'प्रायमरी' (मुख्य, म्हणजे मोजणीत धरलेले) होते. तिथे प्रत्येक विक्री दोनदा. अ‍ॅड्सचा टॅग 'सेकंडरी' (दुय्यम) केला, कारण यूपीआयच्या गळालेल्या ऑर्डर जीए फोरमध्येच येतात. अ‍ॅड्समधला आकडा पुढचे काही दिवस उतरलेला दिसेल, बजेट घाईने कमी करू नका, असं जाहिराती सांभाळणाऱ्या ताईंना लिहून कळवलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

आजपासून भाऊबीज होईपर्यंत कंटेनरमध्ये काही बदलायचं नाही. प्रकाशनाचा अधिकार तोवर दोघांनाच ठेवलाय.

कालच्या ऑर्डर क्रमांकानुसार ताडल्या. जीए फोरमध्ये न दिसणाऱ्या ज्या उरल्या, त्यातल्या परदेशी ऑर्डर संमती नाकारलेल्या आहेत. त्या तशाच राहणार. एक पुण्यातली आहे, संगणकावरून, नेट बँकिंगने. चेकआउटच्या पानावर सेशन आयडीही आणि क्लायंट आयडीही आलेला नाही, म्हणजे बहुधा जाहिरातरोधक लावलेला. अशा वाचकाच्या मागे लागायचं नाही, असं शीटच्या शेऱ्यात लिहिलं.

दिवाळीनंतरचं काम: रद्द आणि परत आलेल्या ऑर्डरचे रिफंड इव्हेंट सर्व्हरकडून पाठवणं, चाचणीच्या ऑर्डर त्यातून वगळणं, आणि प्लगिनच्या लेखकाला 'एमआर-आयएन'चा दोष उदाहरणासकट कळवणं. त्याचा मजकूर तयार आहे. मराठी अंक छापणाऱ्या बाकीच्या दुकानांच्याही रकमा अशाच गळत असतील, तेव्हा हा उद्याच पाठवतो.